साठवलेली चिल्लर बँकेत भरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या बहुतेक घरांत चिल्लरचा एखादा तरी डबा असतोच. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरलेल्या मुलांना मिळालेला बोजारा, भाजी आणताना उरलेले सुटे पैसे, पूजेच्या ताटात ठेवून नंतर उचललेली नाणी, असे सगळे त्या डब्यात जमत जाते आणि चार-पाच वर्षांनी डबा एका हाताने उचलेनासा होतो. मी या शहरातील एका बँकेत रोखपाल म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक मला जे प्रश्न सर्वांत जास्त विचारतात, ते चिल्लरविषयीचे असतात, आणि ते विचारताना त्यांच्या आवाजात एक संकोच असतो. जणू काही नाणी घेऊन बँकेत जाणे म्हणजे कोणाला तरी त्रास देणे आहे. हा संकोच जावा आणि काउंटरवरचे काम दोन्ही बाजूंना सोपे व्हावे, एवढ्यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत.

बँकेने चिल्लर घेतलीच पाहिजे का?

होय. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार कोणत्याही बँकेच्या शाखेने कमी मूल्याच्या नोटा किंवा नाणी स्वीकारण्यास नकार देता कामा नये. शाखा नाणी घेत नाहीत अशा तक्रारी वाढल्यानंतर रिझर्व्ह बँकेने १५ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्व बँकांना पुन्हा स्वतंत्र परिपत्रक पाठवले आणि काउंटरवर आलेली सर्व मूल्यांची नाणी, मग ती खात्यात भरण्यासाठी असोत किंवा बदलून घेण्यासाठी असोत, स्वीकारण्याचे निर्देश सर्व शाखांना द्यावेत, असे त्यात सांगितले. त्यामुळे "आमच्याकडे नाणी घेत नाहीत" हे वाक्य कोणत्याही शाखेतील कर्मचाऱ्याने म्हणायचे नाही, हा पाया आधी पक्का धरून चालावे.

मग "हजार रुपयांपेक्षा जास्त नाणी चालत नाहीत" असे काउंटरवर का सांगतात?

या उत्तराला कायद्याचा आधार आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. नाणे अधिनियम, २०११ मधील कलम ६ नुसार एक रुपया व त्यापेक्षा जास्त मूल्याची नाणी १००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी आणि पन्नास पैशांचे नाणे १० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध चलन आहे. याचा अर्थ असा की, आपण कोणाचे पंधरा हजार रुपये देणे लागत असाल आणि ती सगळी रक्कम एकेक रुपयाच्या नाण्यांत त्याच्यासमोर ओतलीत, तर ती तशीच घेण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ही तरतूद देणेकऱ्याने धनकोला नाण्यांनी हैराण करू नये यासाठी आहे.

बँकेने आपल्या ग्राहकाकडून किती नाणी घ्यावीत याला मात्र ती मर्यादा घालत नाही. बँका ग्राहकांकडून कितीही रकमेची नाणी स्वीकारू शकतात, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलेले आहे. प्रत्यक्षात शाखा मोठी रक्कम पाहून "आज अर्धी द्या, अर्धी परवा आणा" असे म्हणू शकते, आणि समोर रांग असताना ही विनंती गैर नाही. विनंती आणि नकार यांतला फरक मात्र आपल्याला कळला पाहिजे. परवा या, हे ऐकून घ्यावे; घेणारच नाही, हे ऐकून घेऊ नये.

शाखांना नाणी नकोशी का वाटतात?

हे समजून घेतले तर काउंटरवर आपला स्वर आपोआप मवाळ राहतो. नोटांचे बंडल यंत्रातून काही सेकंदांत मोजून निघते, पण बहुतेक शाखांमध्ये नाणी हातानेच मोजावी लागतात. आपल्यामागे पंधरा माणसे उभी असतात, आणि संध्याकाळी रोकड जुळली नाही तर फरक रोखपालाला स्वतःच्या खिशातून भरावा लागू शकतो. दुसरे असे की, आलेल्या नोटा दुसऱ्या दिवशी कोणाला तरी दिल्या जातात, पण नाणी मागायला येणारे ग्राहक त्या मानाने थोडे. मग पिशव्या तिजोरीत साचतात आणि जड असल्यामुळे हलवणेही अवघड होते. माझ्या एका शाखेत तिजोरीच्या खोलीत दाराशी अशा पिशव्यांची रांग लागलेली असे आणि रोज सकाळी त्यांना वळसा घालून आत जावे लागे. शाखेची ही अडचण खरी आहे, पण तिचा भार ग्राहकाच्या डब्यावर टाकता येत नाही.

कोणती नाणी आजही चालतात?

पन्नास पैसे, एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपये ही सर्व नाणी वैध आहेत. पन्नास पैशांचे नाणे बंद झाले, असा समज नागपुरात इतका पक्का आहे की भाजीवाल्यापासून किराणा दुकानदारापर्यंत कोणीच ते घेत नाही, पण आठ आणे बंद झालेले नाहीत आणि बँकेने ते घ्यायला हवेत. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी मात्र ३० जून २०११ पासून चलनातून काढून घेण्यात आली. आपल्या डब्यातील पावल्या, दहा पैशांची कंगोरेदार ॲल्युमिनियमची नाणी आणि त्याहून जुनी आण्या-पैशांची नाणी आता खात्यात भरता येणार नाहीत. ती बाजूला काढून घरी जपून ठेवावीत.

एकाच मूल्याची निरनिराळ्या आकारांची आणि नक्षीची नाणी एकाच वेळी चलनात असतात. नवे नाणे निघाले म्हणून त्या मूल्याचे जुने नाणे रद्द होत नाही.

दहा रुपयांचे नाणे दुकानदार घेत नाहीत. बँक घेईल का?

नक्की घेईल. रुपयाचे चिन्ह असलेले खरे आणि चिन्ह नसलेले खोटे, किंवा दहा पट्ट्यांचे खरे आणि पंधरा पट्ट्यांचे खोटे, अशा अफवा विदर्भात वर्षानुवर्षे फिरत आहेत. रुपयाचे चिन्हच मुळात २०१० मध्ये ठरले आणि नाण्यांवर २०११ पासून आले, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यांवर ते असणे शक्य नाही. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर निवेदन काढून तोपर्यंत निघालेल्या दहा रुपयांच्या १४ नक्षींची नाणी वैध असल्याचे सांगितले आणि शंका असणाऱ्यांसाठी १४४४० हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही दिला. मला मनापासून वाईट वाटते ते या गोष्टीचे की, एवढे सांगूनही सकाळी दूध विकणाऱ्या बाईने दिवसभरात घेतलेली दहाची नाणी संध्याकाळी तिच्याकडून कोणी घेत नाही. आपल्या डब्यात दहाची नाणी असतील तर ती सर्वांत आधी भरावीत, कारण एक, दोन आणि पाचच्या नाण्यांपेक्षा वजनाच्या मानाने रक्कम त्यांत जास्त असते.

घरी नाणी कशी मोजावीत?

येथे थोडा वेळ दिला तर काउंटरवरचा तासभर वाचतो. जमिनीवर जुनी चादर पसरावी आणि डबा तिच्यावर रिकामा करावा. टेबलावर ओतल्यास नाणी घरंगळून कपाटाखाली जातात. आधी मूल्यानुसार ढीग करावेत, आणि मग प्रत्येक ढिगात आकारानुसार पोटढीग करावेत. हे दुसरे वाटप बहुतेक लोक करत नाहीत आणि तेथेच चूक होते.

त्यानंतर वीस नाण्यांची एक चळत नीट मोजून उभी करावी आणि तिच्याशेजारी त्याच आकाराच्या नाण्यांच्या आणखी चार चळती तेवढ्याच उंचीच्या लावाव्यात. तळहात आडवा ठेवून पाचही चळतींच्या माथ्यावरून अलगद फिरवला की एखादे नाणे कमी किंवा जास्त असल्यास हाताला लगेच लागते. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळव्याला कळते. मला हे माझ्या पहिल्या शाखेतील ज्येष्ठ रोखपालांनी शिकवले होते, आणि पुढे हजारो रुपयांची नाणी मी याच पद्धतीने मोजली. जाड आणि पातळ नाणी एका चळतीत मिसळली तर ही युक्ती फसते, म्हणून आधीचे आकारानुसार वाटप आवश्यक आहे.

पाच चळती मिळून शंभर नाणी झाली की ती एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत भरावीत. शंभर-शंभर नाण्यांच्या अशा पिशव्या रोखपाल आणि ग्राहक दोघांनाही सोयीच्या असतात, आणि त्या काउंटरवर उपलब्ध ठेवाव्यात, असे रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्येच म्हटले आहे. आधी एकदा शाखेत जाऊन त्या मागून पाहाव्यात. न मिळाल्यास किराणा दुकानातील जाड पिशव्या चालतात. पिशवीचे तोंड रबराने बांधावे. ते उष्णतेने चिकटवून बंद करू नये, कारण रोखपालाला ती उघडून पाहायची असते. आत कागदाचा तुकडा टाकून त्यावर मूल्य, नाण्यांची संख्या आणि रक्कम लिहावी. शंभर नाण्यांच्या पिशवीची रक्कम एक रुपयासाठी १००, दोनसाठी २००, पाचसाठी ५००, दहासाठी १००० आणि वीससाठी २००० रुपये होते. शंभर न भरलेली सुटी नाणी वेगळ्या पिशवीत ठेवावीत आणि त्यांचा हिशेब स्वतंत्र लिहावा.

बँक नाणी वजनावर घेते, हे खरे आहे का?

खरे आहे. एक आणि दोन रुपयांची नाणी शक्यतो वजन करून घ्यावीत, असे रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सुचवले आहे. पण वजनाची पद्धत एकाच जातीच्या नाण्यांना लागू पडते, आणि आपल्या डब्यात तशी शिस्त नसते. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे आहे, तर २०१९ च्या मालिकेतील नाणे ३.०९ ग्रॅमचे आहे. म्हणजे पहिल्या प्रकारच्या शंभर नाण्यांचे वजन ३७९ ग्रॅम भरेल आणि दुसऱ्या प्रकारच्या शंभर नाण्यांचे ३०९ ग्रॅम. दोन्ही एकत्र तोलली तर आकडा कोणताही येऊ शकतो.

याहून फसवी जोडी पुढे आहे. १९९२ नंतर निघालेले पोलादी, मोठे एक रुपयाचे नाणे ४.८५ ग्रॅमचे आणि २५ मिलिमीटर व्यासाचे आहे. २०११ च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणेही ४.८५ ग्रॅमचे आणि २५ मिलिमीटर व्यासाचेच आहे. ही दोन नाणी काटा ओळखू शकत नाही, आणि चळतीच्या माथ्यावरून फिरणारा तळहातही ओळखू शकत नाही. ती डोळ्यांनीच पाहून वेगळी करावी लागतात. चळत उभी करण्याआधी सर्व नाणी अंकाची बाजू वर करून चादरीवर पसरवली तर एकच्या ढिगात शिरलेला दोन लगेच दिसतो. हाताच्या मुद्रा असलेल्या मालिकेत ओळखणे आणखी सोपे आहे: उंचावलेला अंगठा एक रुपयाचा, दोन बोटे दोन रुपयांची आणि बंद मूठ पन्नास पैशांची.

भरणा पावती कशी भरावी?

रोख भरण्याच्या नेहमीच्या पावतीवर नोटांच्या रकान्यांखाली नाण्यांसाठी एक ओळ असते. तीत एकूण रक्कम लिहावी आणि तपशील वेगळ्या कागदावर लिहून पावतीला जोडावा. समजा आपल्याकडे एक रुपयाची १२४०, दोनची ९००, पाचची ६२० आणि दहाची २५० नाणी आहेत. त्यांची रक्कम अनुक्रमे १२४०, १८००, ३१०० आणि २५०० रुपये, म्हणजे एकूण ८६४० रुपये होते. नाणी ३०१० झाली. एकेक नाणे सेकंदाला एक या वेगाने मोजायचे म्हटले तर पन्नास मिनिटे लागतील. हाच ऐवज २९ पिशव्या आणि ११० सुटी नाणी अशा रूपात समोर आला, तर रोखपाल दोन-चार पिशव्या उघडून पूर्ण मोजतो, बाकीच्या त्यांच्याशेजारी ठेवून ताडून पाहतो आणि सुटी नाणी मोजून मोकळा होतो. तपशिलाच्या कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि शिक्का मारलेली प्रतिपावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

माझी मोजणी आणि बँकेची मोजणी जुळली नाही तर?

बँकेची मोजणी आपल्यासमोर होणे आवश्यक आहे. म्हणून पिशव्या देऊन "संध्याकाळी येतो" असे सांगून जाऊ नये, ओळखीची शाखा असली तरीही. फरक निघाला तर त्या मूल्याची सुटी नाणी आधी पुन्हा मोजायला सांगावे, कारण बहुतेक वेळा चूक तेथेच सापडते. फरक मान्य झाल्यास जुनी पावती खोडून दुरुस्त न करता नवी पावती भरावी.

कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी जावे?

महिन्याचे पहिले दहा दिवस निवृत्तिवेतनाच्या गर्दीचे असतात, सोमवारी आठवड्याच्या सुट्टीनंतरची गर्दी असते, आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. महिन्याच्या मध्यावरचा मंगळवार ते गुरुवार यांतला एखादा दिवस निवडावा. रोख व्यवहाराची वेळ संपत आली असताना नाणी घेऊन उभे राहू नये, कारण त्या वेळी रोखपाल दिवसाची रोकड जुळवण्याच्या घाईत असतो. रक्कम चार-पाच हजारांच्या वर असेल तर आदल्या दिवशी शाखेत जाऊन "एवढी नाणी आहेत, शंभर-शंभरच्या पिशव्या केल्या आहेत, कधी आणू?" असे विचारावे. माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने जेवढी कामे सुरळीत झाली, तेवढी परिपत्रकाचा क्रमांक दाखवून झाली नाहीत.

एवढे वजन न्यायचे कसे?

वर दिलेल्या ८६४० रुपयांच्या नाण्यांचे वजन, सर्व नाणी २०११ च्या मालिकेतील आहेत असे धरल्यास, सुमारे पावणेपंधरा किलो होते. पाचाची जुनी, जाड नाणी असतील तर त्याहून जास्त, कारण त्यांतले एक नाणे ९ ग्रॅमचे असते. प्लास्टिकच्या पिशव्यांचे ओझे एकाच मोठ्या पिशवीत भरले तर तिचे बंद इतवारीच्या गर्दीतच तुटायचे. दोन मजबूत कापडी थैल्यांत निम्मे-निम्मे ओझे करावे, दुचाकीच्या हँडलला न अडकवता पायाशी ठेवावे, आणि सोबत एक माणूस न्यावा. मे महिन्यात तर सकाळी शाखा उघडताच पोहोचावे; दुपारच्या उन्हात हे ओझे घेऊन बर्डीवर वाहन लावायला जागा शोधत फिरणे ज्येष्ठांसाठी धोक्याचे आहे.

रोख भरण्याच्या यंत्रात नाणी टाकता येतात का?

नाही. ती यंत्रे फक्त नोटा घेतात. क्यूआर संकेत वापरून नाणी देणारी यंत्रे काही शहरांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, परंतु ती खात्यातून पैसे वळते करून नाणी देतात; आपली नाणी घेत नाहीत.

बँक यासाठी शुल्क लावू शकते का?

रोख भरण्यावर, विशेषतः चालू खात्यात ठरावीक मर्यादेपलीकडे, बँका शुल्क आकारतात आणि ते प्रत्येक बँकेत वेगळे असते. आपल्या बँकेचा सेवाशुल्काचा तक्ता शाखेत किंवा संकेतस्थळावर पाहावा. तक्त्यात नसलेले शुल्क तोंडी मागितले गेल्यास ते कोणत्या नियमाखाली आहे, हे लेखी मागावे. पूर्वीच्या बँकिंग लोकपाल योजनेत, म्हणजे २००६ च्या योजनेत, पुरेशा कारणाशिवाय नाणी नाकारणे आणि नाण्यांसाठी कमिशन आकारणे ही तक्रारीची कारणे म्हणून स्पष्ट लिहिलेली होती. यावरून नियामकाने हा विषय किती गंभीरपणे घेतला आहे, हे लक्षात येते.

माझे त्या बँकेत खाते नाही. नाणी देऊन नोटा मिळतील का?

नाणी बदलून देण्याची सूचना शाखांना आहे, त्यामुळे मागणी करता येते. तरीही मोठ्या रकमेसाठी आपले खाते असलेल्या शाखेतच जावे. तेथे ओळख असते, रकमेची नोंद पासबुकात होते आणि वादाला जागा राहत नाही.

पॅन कार्ड लागते का?

नाणी ही रोख रक्कमच आहे आणि रोख भरण्याचे सर्व नियम तिला लागू होतात. घरगुती डब्याच्या रकमेला सहसा अडचण येत नाही, पण पॅन कार्ड आणि पासबुक सोबत ठेवावे.

नाणी हळद-कुंकवाने आणि तेलाने माखली आहेत. धुवावीत का?

धुवावीत. कोमट पाण्यात थोडा साबण घालून नाणी हाताने चोळावीत, स्वच्छ पाण्यातून काढावीत आणि कापडावर पसरवून पूर्ण वाळवावीत. ओलसर नाणी पिशवीत भरली की एकमेकांना चिकटतात आणि पिशवीला आतून काळपट पाणी सुटते. चिंच, लिंबू किंवा आम्ल लावून चकाकी आणण्याची गरज नाही. बँकेला नाणे ओळखता आले की पुरे. चिकट नाणी हाताळून रोखपालाची बोटे दुपारपर्यंत काळी होतात आणि त्याच बोटांनी त्याला नोटांना हात लावायचा असतो, म्हणून हा अर्धा तास अवश्य द्यावा.

झिजलेली, वाकलेली किंवा भोक पाडलेली नाणी?

वापराने झिजलेले, पण मूल्य ओळखू येणारे नाणे वेगळ्या पिशवीत ठेवून द्यावे. मुद्दाम कापलेले, ताईत करण्यासाठी भोक पाडलेले किंवा ठोकून चपटे केलेले नाणे घेण्याचा आग्रह धरू नये. नाणी वितळवणे हा नाणे अधिनियमाखाली गुन्हा आहे, त्यामुळे धातूच्या भावाने नाणी विकत घेणाऱ्यांच्या नादी लागू नये.

डब्यात जुने किंवा स्मारक नाणे सापडले. त्याला लाखो रुपये मिळतात का?

मिळत नाहीत, एवढेच धरून चालावे. देवीचे चित्र असलेल्या नाण्याचे लाखो देतो, असे सांगणारी माणसे आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग हस्तांतरण शुल्क मागत जातात आणि पैसे घेऊन नाहीशी होतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीविरुद्ध रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. चलनात आलेले पाच किंवा दहा रुपयांचे स्मारक नाणे बँकेत त्याच मूल्याला जमा होते. आवडले तर ठेवावे.

देवस्थान, गणेश मंडळ किंवा चहाच्या टपरीची चिल्लर नियमित भरायची असेल तर?

वर्षातून एकदा पोतेभर आणण्यापेक्षा आठवड्यातून एकदा थोडी आणावी. दानपेटी उघडताना दोन विश्वस्तांच्या सह्यांचा मोजणी-कागद करावा आणि त्याची प्रत पावतीला जोडावी. शाखाधिकाऱ्यांना पत्र देऊन ठरावीक दिवस आणि वेळ मागून घ्यावी. टपरीवाल्यांनी आणि लहान दुकानदारांनी मात्र बँकेआधी आपल्याच बाजारात विचारावे. कॉटन मार्केटमधील भाजीचे व्यापारी आणि किराणा दुकानदार यांना एक-दोन-पाचची नाणी हवीच असतात, आणि अनेकदा ते शंभराची पिशवी घेऊन लगेच नोट देतात. नाणे फिरत राहणे हेच त्याचे काम आहे.

सगळे करूनही शाखेने नकार दिला तर काय करावे?

हे माझ्यावरच आलेले आहे. निवृत्तीनंतर एका शाखेत मी घरातील साडेचार हजारांची नाणी पिशव्या करून नेली. खिडकीवरच्या तरुणाने पिशव्यांकडे पाहिलेही नाही. "हजारच्या वर नाही चालत, काका," असे म्हणून त्याने माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावले. ज्या काउंटरच्या आतल्या बाजूला माझे आयुष्य गेले, त्याच्या बाहेरच्या बाजूला उभा राहून मला खरोखर अपमान वाटला. मला नियम माहीत होता, म्हणून मी शाखाधिकाऱ्यांकडे गेलो आणि पंधरा मिनिटांत काम झाले. ज्याला नियम माहीत नसतो तो थैली उचलून उन्हात घरी परततो, हा विचार माझ्या मनातून त्यानंतर गेला नाही.

म्हणून आधी शाखाधिकाऱ्यांना भेटावे आणि शांतपणे २०१८ च्या परिपत्रकाचा उल्लेख करावा. तरीही नकार मिळाल्यास शाखेला लेखी अर्ज द्यावा, त्यात तारीख, वेळ, रक्कम आणि मिळालेले उत्तर लिहावे आणि पोच घ्यावी. बँकेच्या तक्रार निवारण कक्षाकडेही तीच तक्रार नोंदवता येते. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. सर्व बँकांसाठी एकच लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली असून तक्रार ऑनलाइन करता येते, तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सिव्हिल लाइन्समध्ये रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे म्हणून अनेक जण थैली घेऊन थेट तेथे जातात. तसे करू नये. आधी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार, मग लोकपाल, हाच क्रम आहे.

मुलांच्या गुल्लकमधील पैसे कोणाच्या खात्यात भरावेत?

शक्य असेल तर मुलाच्याच. अज्ञान व्यक्तीचे बचत खाते पालकांसह उघडता येते, आणि दहा वर्षांवरील मुलांना बँकेच्या धोरणानुसार स्वतः खाते चालवण्याची परवानगी मिळू शकते. गुल्लक घरी फोडावी, मुलाकडूनच चळती लावून घ्याव्यात आणि भरण्याच्या दिवशी त्याला शाळेला सुट्टी असताना सोबत न्यावे. एकदा एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने माझ्या खिडकीवर बोजाऱ्याच्या सहा पिशव्या ठेवल्या होत्या. उंची पुरत नसल्यामुळे ती टाचा उचलून उभी होती, आणि प्रत्येक पिशवीतील चिठ्ठीवर तिने पेन्सिलीने आकडे लिहिले होते. मी एक पिशवी मोजली, ती शंभर भरली. दुसरी मोजली, तीही शंभर भरली. तिसरीत एकशे एक निघाली. ते जास्तीचे नाणे मी तिला परत दिले, तेव्हा तिने ते मुठीत धरून वडिलांना विचारले, "हे पण भरायचं?" तिच्या पावतीत मी एक रुपया वाढवून घेतला.